टाकीतला मुकादम

प्रिय ठकू,

तुझ्या आईनं ते पहिले दोन मासे आणले तेव्हा दुकानदारानं दोन कप चहाच्या पैशांत दिले होते, आणि फुकटातच पडले म्हणून ती खूश होती. फुकट कसले! त्यांना राहायला काचेची टाकी आली, टाकीखाली लोखंडी घोडा आला, पाणी कोमट ठेवायला कांडी आली, पाणी खेळतं ठेवायला पंप आला. पंप एकच पुरला असता, पण मी तीन बदलले. टाकीतून सारखी टकटक यायची, आणि पंप का वाजतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्याचा बुश गेला म्हणालो, दुसऱ्याचा पंखा घासतोय म्हणालो. तिसरा बसवल्यावरही टकटक चालूच राहिली, तेव्हा आईनं पंपाचं बटण बंद केलं आणि मला टाकीसमोर उभं केलं. पंप गप्प, टकटक चालू. दोन मासे एका दगडापाशी तोंडाला तोंड लावून भांडत होते आणि तो आवाज त्यांच्या तोंडाचा होता. आई हसता हसता खालीच बसली. चहाच्या किमतीच्या माशांनी तीन पंप खाल्ले आणि वर माझी पत खाल्ली, कारण ही हकीकत तिनं तुला सांगितली, आत्याला सांगितली आणि दुकानात डबा द्यायला आली तेव्हा माझ्या कारागिरांनाही सांगितली.

हे सगळं तुला पाठ आहे. तरी इथून सुरुवात केली, कारण सरळ मुद्द्यावर यायला हात धजत नाही. त्या रविवारनंतर तुझा फोन नाही. मी केला की जावईबापू उचलतात, ती झोपलीय म्हणतात आणि ठेवतात. गेल्या आठवड्यात आत्या आली आणि तिनं मला सगळं सांगितलं, तुझं काय झालं ते आणि त्यावर मी तुला काय बोललो तेही. तू माझ्याशी पुन्हा बोलावंस, एवढ्याचसाठी हे पत्र. पण त्या दिवशी काय घडलं ते मला माशांच्या वाटेनंच सांगता येईल. मासे म्हटल्यावर तुला संताप येईल हेही मला कळतं. फाडायचं असलं तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

माझ्या कानांची फुशारकी ऐकत तू लहानाची मोठी झालीस. ती उगाच नव्हती. मोटार वाइंडिंगच्या दुकानात मी झाडू मारायला लागलो तेव्हा मला धड लिहिताही येत नव्हतं. तिथला वस्ताद स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीच्या अंगाला टेकवायला लावायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला. सांग, काय म्हणतेय? चुकलं की त्याच मुठीचा टोला. टोले खाऊन खाऊन मला मोटारींची भाषा आली. बेअरिंग कोरडं पडलं की मोटार कण्हते, आत काही घासलं की खोकते, वाइंडिंग सैल झालं की गुणगुणते. पुढं स्वतःचं दुकान टाकलं, चार माणसं हाताखाली आली, आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की मी जागचा न उठता म्हणायचो, फोन मोटारीजवळ धर बघू. ऐकून सांगायचो, मागचं बेअरिंग गेलंय, पुढचं उघडू नकोस. फोनवरून मोटारीचा आजार सांगणारा दुसरा माणूस दाखवा, दुकानाची किल्ली त्याच्या हातात ठेवतो, असं मी चारचौघांत म्हणत आलो. किल्ली अजून माझ्याच खिशात आहे.

पण माशांच्या बाबतीत वस्ताद तुझी आई. लोच नावाचा हा मासा बोटाएवढा, अंगावर काळे पट्टे, तोंडाला मिशा, आणि स्वभावानं पक्का घरमालक. मोकळ्या पाण्यात फिरायची त्याला हौस नाही. तळाला एखादी फट गाठायची, ती आपली म्हणायची, आणि समोरून दुसरा नुसता गेला तरी अंगावर धावून जायचं. भांडायला उभे राहिले की दोघांचे पट्टे उडून अंग राखेसारखं फिकं पडतं. रंग परत आला की समजायचं, निकाल लागला. दुकानदारानं ते जोडी म्हणून विकले, तिथंच फसवलं. लोच एकटा ठेवावा, नाहीतर सहा-सात ठेवावेत, पण दोन कधी ठेवू नयेत. दोनच असले की मोठा धाकट्याला खाऊ देत नाही की टेकू देत नाही. सात असले की कोणाच्या मागं लागावं हे मोठ्यालाच सुचत नाही. आई म्हणायची, दोघांत भांडण होतं, सातांत राजकारण होतं, आणि राजकारणात निदान कोणी मरत नाही. मी म्हटलं, तू वर्तमानपत्र वाचत नाहीस वाटतं.

तिनं आणखी पाच आणले. ते आत सोडायची तिची रीत तू पाहिली नसशील, तू तेव्हा नव्या नोकरीवर होतीस. आधी जुन्या दोघांना काचेच्या बरणीत काढायचं. जाळीनं नाही, कारण त्यांच्या डोळ्याखाली एक काटा असतो, रागावले की तो बाहेर येतो आणि जाळीत अडकतो. मी एकदा जाळी वापरली, तर मासा सोडवण्यात दुपार गेली आणि तिची बोलणी संध्याकाळभर पुरली. मग टाकीतले सगळे दगड, कुंड्यांची खापरं, माझ्या दुकानातले पाइपचे तुकडे बाहेर काढायचे आणि भलत्याच जागी मांडायचे. मग जुने-नवे सगळे एकदम आत. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, नवे नुसते सोड की. ती म्हणाली, "नुसते सोडले तर ते परके होतात. दगड हलवले की सगळेच नवे."

तुझ्या लग्नानंतर जावईबापू पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा तुझ्या खोलीतला पलंग खिडकीखाली गेला होता, कपाट दाराआड गेलं होतं, आठवतं? आणि बाहेरच्या खोलीतली माझी खुर्ची, जिच्यावर मी सोडून कोणी बसायची प्राज्ञा नव्हती, ती तिनं भिंतीपासून ओढून दुसऱ्या कोपऱ्यात टाकली होती. मी फुरंगटून दोन दिवस स्टुलावर बसलो. तुम्हाला वाटलं, घर आवरलंय. जावईबापू आले ते सरळ त्या खुर्चीत जाऊन बसले, आणि कोणालाच काही वाटलं नाही. मलासुद्धा नाही. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, बाईसाहेब, आम्हालाही बरणीत काढलंत म्हणायचं. ती म्हणाली, तुमचा काटा फार लांब आहे, बरणी पुरली नसती.

मग तिचं आजारपण आलं. ते तू पाहिलंस, त्याबद्दल लिहीत नाही. आपण सगळे दवाखान्यात होतो तेव्हा शेजारीणबाई मासे सांभाळत होत्या, अगदी मनापासून, म्हणजे दिवसातून पाच वेळा खायला घालून. उरलेलं तळाला कुजलं, पाणी बिघडलं. आईला पोहोचवून घरी आलो तेव्हा सातांतले दोन राहिले होते. एक सगळ्यांत मोठा, ज्याला ती मुकादम म्हणायची. आणि एक सगळ्यांत धाकटा, ज्याला ती उमेदवार म्हणायची, कारण दुकानातल्या नव्या शिकाऊ पोरासारखा तो सगळ्यांचं झाल्यावर जेवायला यायचा. म्हणजे नेमके दोन. आणखी पाच आणायला हवेत हे मला कळत होतं. पण हा मासा नीट सांभाळला तर पंधरा वर्षं जगतो, ठकू. या वयात नवे पाच आणून ते मी कोणाच्या गळ्यात घालणार होतो? मग एक कोणाला तरी देऊन टाकावा, तर दोन्ही तिच्या हातचे. देववलं नाही. मुकादम उमेदवाराला घुसळत राहायचा, धाकट्याची शेपटी कुरतडलेली दिसायची, आणि तुझा बाप दुकानातून येऊन टाकीसमोर बसायचा. घरात दुसरा कसला आवाज नव्हता. ती टकटक मला हवीशी वाटायची, हेही लिहून टाकतो.

मग तू आलीस आणि समोर बसून सांगितलंस की तू दोन जिवांची आहेस, आणि शेवटचे महिने इकडंच काढणार आहेस. तू परत गेलीस त्याच आठवड्यात मी कामाला लागलो. टाकी तुझ्या खोलीत होती, ती बाहेरच्या खोलीत आणायची ठरवली. चौघा कारागिरांनी मिळून ती उचलली, मी बरणी धरून पुढं, आणि सगळे मला हसत होते. तुझ्या खोलीला रंग दिला, पलंग पुन्हा खिडकीखालून काढला. टाकीतले दगड तर बाहेर निघालेच होते, तेव्हा म्हटलं, आता आईसारखं करून बघू. दोघांची घरं मोडली. दोन मासे एकमेकांना दिसणार नाहीत असं मधे मोठं खापर उभं केलं, आणि दोन टोकांना दोन पाइप ठेवले. पहिले काही दिवस टकटक ऐकू यायची, मग अधूनमधून, मग एक दिवस थांबलीच. मी स्क्रूड्रायव्हर काचेला टेकवून मूठ कानामागं लावली. पंपाची गुणगुण छान येत होती, बाकी काही नाही. मला जो आनंद झाला तो कोणाला सांगावा असं घरात कोणी नव्हतं. वाटलं, तिची विद्या मला आली. आता तू येशील तेव्हा घर शांत असेल.

त्या रविवारी मी तुझ्या फोनची वाटच बघत होतो, एवढी बातमी द्यायची म्हणून. फोन खिशात थरथरला. आपलं बोलणं एरवी कसं ठरलेलं असतं. आधी तब्येत, मग जेवलात का, मग दुकान, मग मासे. त्या दिवशी तू बराच वेळ बोललीस. तुझं थांबल्यावर मी म्हणालो, "छान झालं. आता निवांत झोप. इकडंही एकदाचं शांत झालं बघ." आणि मुकादमाची सगळी कथा सुरू केली, दगड कुठून कुठं हलवले, खापर कसं उभं केलं, उमेदवार कसा पाइपात गपगार पडून राहतो. मधेच फोन बंद झाला. मला वाटलं, लाइन गेली. तू पुन्हा केला नाहीस, तेव्हा वाटलं, दमली असेल.

आत्या न कळवता आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं मला धारेवर धरलं. तुला माहीतच आहे, ती साखर मागते तीसुद्धा भांडल्यासारखी. तिनं सांगितलं की तुझं बाळ गेलं. तू दवाखान्यातून घरी आल्यावर पहिला फोन मला केलास, जावईबापूंनी मी कळवतो म्हटलं तरी ऐकलं नाहीस. आणि त्यावर बाप म्हणाला, छान झालं, आता निवांत झोप. मी म्हटलं, मला हे कोणी सांगितलंच नाही. ती म्हणाली, "दादा, निदान खोटं तरी बोलू नकोस." माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण माझ्याकडं पाठ करून बसली. मला खरंच कळत नव्हतं. तू तसं बोलली असशील आणि मी त्यावर तसं बोललो असेन, यातलं काहीच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. वाटलं, बायको गेल्यावर माणसाचं डोकं फिरतं म्हणतात, ते हेच असेल.

दुपारी ती बाहेरच्या खोलीत आडवी झाली आणि थोड्या वेळानं उठून माझ्यासमोर आली. "अरे, ते बंद कर की. कान किटले माझे." काय बंद करू, मी विचारलं. ती म्हणाली, टाकीतलं ते. सकाळपासून टकटक टकटक, कसा राहतोस या आवाजात? मी म्हटलं, टाकी गेले कित्येक दिवस शांत आहे, तुझेच कान वाजतायत. मग उठून टाकीशी गेलो. मुकादम खापराच्या आड उभा होता, अंग राखेसारखं, काटा बाहेर, आणि त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं, मिटत होतं. मला ते दिसत होतं. मी वाकून बघतच राहिलो. आत्या मागून पुढं येऊन उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. नंतर तिनं सांगितलं की तिनं मागून मला तीनदा हाक मारली होती, आणि तिची हाक म्हणजे तुला माहीत आहे.

उमेदवार पंपाच्या मागच्या फटीत सापडला. मी त्याला पाइपात बघायचो आणि म्हणायचो, रमला. हा मासा आडवा पडून झोपतो, त्यामुळं कळतही नाही. त्याला बरणीनं काढून बादलीत वेगळा ठेवला, पाणी कोमट केलं, आत्यानंही दोनदा पाणी बदललं. दोन दिवस जगला. मुकादम आता एकटा आहे आणि त्याचे पट्टे पुन्हा काळेभोर झालेत.

परवा आत्या मला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो, मला वाटलं अजून सुरू व्हायचंय. ते सुरू होऊन बराच वेळ झाला होता. तो म्हणाला, जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. मोटारींच्या शेजारी जन्म काढला की असं होतं, आणि हळूहळू होतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. पत्ता मला थोडा लागला होता, पण दुकानाच्या मालकानं तो कोणाला सांगायचा? मोटारीची घरघर कळते, जावईबापूंचा आवाज कळतो, कारागीर ओरडतात ते कळतं. तुझा आवाज आईवर गेलाय, बारीक. गेले कित्येक महिने मी तुला त्या ठरलेल्या क्रमानं अंदाजानं उत्तरं देत होतो, आणि ती जुळत होती. आत्या म्हणाली, मी तिला फोन करून सगळं कळवते. मी नको म्हटलं. मोबाइलवर दोन ओळी टाकता आल्या असत्या, पण हे दोन ओळींत मावणारं नव्हतं, आणि माझ्या तोंडून गेलेलं होतं तर माझ्याच हातानं यायला हवं होतं. तुझं बाळ गेलं ते मला आत्याकडून कळलं, आणि त्या दिवसापासून मी तुझ्या रंगवलेल्या खोलीचं दार उघडलेलं नाही. तू रडत होतीस का, हेही मला माहीत नाही. मी यायचं का ते लिहून कळव. येईन आणि जवळ बसेन, तू सांगितलंस तर गप्प बसेन. पण फोन करू नकोस. त्या रविवारी तू जे सांगितलंस, त्यातला एकही शब्द मला ऐकू आला नव्हता.

तुझाच,
बाबा